मीटरमधला पुसट लाल दिवा

दिवसा तो दिवा दिसायचाच नाही. रात्रीसुद्धा समोरून गाडी आली आणि तिचा उजेड काचेवर पडला की तो नाहीसा व्हायचा. रस्ता पूर्ण अंधारात असला तरच स्पीडच्या काट्याखाली बॅटरीचं ते छोटं चित्र, अधिक-उण्याच्या खुणांसकट, राखेखालच्या निखाऱ्यासारखं दिसायला लागायचं. इतकं पुसट, की पहिल्या रात्री मला वाटलं पावसाच्या थेंबांचं काहीतरी प्रतिबिंब आहे.

गाडी मे महिन्यात घेतलेली. २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, ८६ हजार किलोमीटर चाललेली, आम्ही तिसरे मालक. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्याच मलकापूरच्या शाळेत शिकवते आणि राहते कोल्हापुरात. एसटीनं जाण्या-येण्यात रोजचे चार तास जात होते, म्हणून १ लाख ८५ हजारांत हा सौदा केला. घेताना आप्पा, म्हणजे माझे वडील, बरोबर होते. ते एसटीच्या डेपोत ३१ वर्षं इलेक्ट्रिशियन होते, त्यामुळे गाडीचा रंग आणि सीट कव्हरं बघायच्या आधी त्यांनी मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि म्हणाले, "चावी नुसती ऑन कर. सेल्फ मारू नको. आता लाल-पिवळे दिवे किती लागले ते मोज."

ही गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं करावी असं मला मनापासून वाटतं. इंजिन बंद असताना चावी ऑन केली की बॅटरीचा, ऑइलचा आणि इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दोष लपवायला मीटरमधला बल्बच काढून टाकणारे लोक असतात. मग दिवा कधीच लागत नाही आणि घेणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. आमच्या गाडीत सगळे दिवे लागले आणि सगळे विझले. फक्त आम्ही हे भर दुपारी बारा वाजता, उन्हात केलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसानं जोर धरला. एका संध्याकाळी शाळेतली मीटिंग लांबली आणि निघायला साडेसात झाले. हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ जावी म्हणून ब्लोअर, सगळं चालू. वाटेतलं बांबवडे सोडलं, रस्त्यावर अंधार झाला आणि तो दिवा दिसला. मी वाघबीळपर्यंत एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा त्या दिव्यावर ठेवून आले. गाडी कुठेही अडखळली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा आळसावून फिरलं. आठवड्याभरात ते आणखी जड झालं.

आप्पांना मी काही सांगितलं नाही. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. दिव्याचं सांगितलं असतं तर ते त्याच क्षणी बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले असते.

म्हणून गाडी घराजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना व्होल्ट मोजायचा मीटर लावला. १४.१ व्होल्ट. "चार्जिंग एक नंबर आहे, मॅडम. बॅटरी जुनी झाली." बॅटरी खरंच चार वर्षांची होती, लोड टेस्टरवरही कमकुवत दिसली. नवी टाकली, ५ हजार ४०० रुपये. सकाळी गाडी एका झटक्यात सुरू झाली, मला हायसं वाटलं. त्या रात्री अंगणातले दिवे घालवून मी गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, हेडलाइट लावले. दिवा होताच.

पुन्हा त्यांच्याकडे गेले. या वेळी त्यांनी हेडलाइट आणि ब्लोअर लावून मीटर बघितला. बॅटरीवर १२.७. "अल्टरनेटर लोड घेत नाही." त्यांनी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा भाग, उतरवला, कार्बन ब्रश बदलले, व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर बदलला. ३ हजार २००. दिवा होताच. शेवटी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे स्कॅनर लावला, दोषाचा कुठलाही कोड आला नाही, आणि तरीही नवा अल्टरनेटर सुचवला गेला. साडेअकरा हजार.

या दोघांपैकी कुणी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. बॅटरी थकलेली होती हे खरं, ब्रशही झिजलेले होते, ते मी स्वतः पाहिले. पण दोघांनीही मीटर एकाच ठिकाणी लावला, बॅटरीवर. आणि तो दिवा नेमका कधी लागतो, कधी कमी होतो, हे मला कुणीही विचारलं नाही.

ते विचारलं आप्पांनी. साडेअकरा हजारांचा कागद टेबलावर राहिला आणि त्यांच्या हाती लागला. रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "दिवा ठणठणीत लागतो का मिणमिणता?"

"मिणमिणता."

"हेडलाइट बंद केल्यावर?"

"जवळजवळ जातो."

"आणि रेस दिल्यावर? कमी होतो का वाढतो?"

हे मला सांगता येईना. तेव्हा रात्री नऊ वाजता आम्ही बोळात गाडीत जाऊन बसलो. मी हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर दाबला. दिवा कमी व्हायला हवा होता असं मला वाटत होतं, कारण इंजिन जोरात फिरलं की चार्जिंग वाढतं. तो किंचित उजळला. ब्लोअर चारवर नेला, आणखी उजळला. आप्पा पुढे झुकून दोन्ही तळव्यांचा आडोसा करून त्याकडे बघत होते. मग मागे टेकले.

"डायनामो काम करतोय गं. त्यानं केलेलं बॅटरीपर्यंत पोचत न्हाय."

आप्पांच्या तोंडी अल्टरनेटर अजून डायनामोच असतो. त्यांनी मला त्या रात्री जे समजावलं ते मी इथे नीट लिहिते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

बऱ्याच जुन्या गाड्यांत, आमचीही त्यातली, तो छोटा बल्ब दोन जागांच्या मधोमध जोडलेला असतो. त्याचं एक टोक चावीतून बॅटरीच्या बाजूला जातं, दुसरं एका बारीक वायरनं अल्टरनेटरला. चावी ऑन आहे, इंजिन बंद आहे, तेव्हा बॅटरीकडे १२ व्होल्ट आणि अल्टरनेटरकडे जवळजवळ शून्य. म्हणून बल्ब पूर्ण पेटतो. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटरही तितकेच व्होल्ट द्यायला लागतो. दोन्ही टोकं सारखी झाली की बल्बमधून करंट वाहायचं कारणच उरत नाही. "पाटाच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी असंल तर पाणी वाहील का?" असं आप्पांनी विचारलं. अल्टरनेटर बंद पडला तर दिवा लख्ख लागतो तो यामुळेच. पण तो पुसट लागत असेल, तर दोन टोकांत फरक आहे, आणि फरक थोडाच आहे. कुठली बाजू खाली आणि कुठली वर, हे दिवा सांगत नाही. तो दोन्हीकडून सारखाच पेटतो. आम्ही सगळे अल्टरनेटरची बाजू खाली आहे असं धरून चाललो होतो. ती वर असू शकते आणि बॅटरीची बाजू खाली असू शकते, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

रविवारी सकाळी पावसानं उघडीप दिली. ४५० रुपयांचा डिजिटल मीटर मी आदल्या दिवशी आणला होता. आप्पांसाठी दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकली आणि त्यांनी खुर्चीतून उठायचं नाही असं आईनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. हात माझे, सांगणं त्यांचं.

बॉनेट उघडलं तेव्हा ते पहिलं बोलले ते मीटरबद्दल नव्हतं. "हातातल्या बांगड्या काढ. घड्याळ काढ. मंगळसूत्र आत घाल. ओढणी ठेव घरात." डेपोत एका माणसाच्या बोटातली अंगठी बॅटरीच्या प्लसला आणि बॉडीला एकदम टेकली होती. अंगठी लालबुंद झाली, बोटातून निघेना. तिथे दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टचं काम असतं, पण १२ व्होल्टची बॅटरीसुद्धा धातू तापवायला पुरेशी असते. शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, असं ते म्हणाले. मी बांगड्या काढून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवल्या.

आधी इंजिन बंद असताना बॅटरी. १२.२. नवी बॅटरी, पण निम्मीच भरलेली. पूर्ण भरलेली असती तर १२.६च्या आसपास दिसायला हवं होतं. म्हणजे नव्या बॅटरीचीही आम्ही तीन आठवडे उपासमार करत होतो. अशी अर्धपोटी बॅटरी फार दिवस राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि ती लवकर संपते.

मग इंजिन सुरू, बाकी सगळं बंद. बॅटरीवर १४.१. सगळ्यांना फसवणारा आकडा हाच. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर लावले आणि आईला आत बसवून इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास धरायला सांगितलं. बॅटरीवर १२.७.

"आता लाल टोक डायनामोच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर. पट्ट्यापासून लांब."

फिरत्या पट्ट्याजवळ हात नेताना मला भीती वाटली, ती मी लपवली नाही. आप्पांनी इंजिन बंद करायला लावलं, लाल वायर क्लिपनं बोल्टला अडकवायला लावली, आणि मगच पुन्हा सुरू करायला सांगितलं. मीटरवर आकडा आला, १४.४.

मी तो दोनदा वाचला. एकाच गाडीत, एकाच क्षणी, एका जाड वायरच्या एका टोकाला १४.४ आणि दुसऱ्या टोकाला १२.७. मधले १.७ व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते. अल्टरनेटर त्याचं काम चोख करत होता.

यापुढची रीत मला सगळ्यात आवडली. आप्पांनी बॅटरीचा उणे विसरायला सांगितलं. लाल टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर, काळं टोक थेट बॅटरीच्या प्लसवर. मीटर सरळ फरकच दाखवतो: १.७. लोड चालू असताना ०.२, फार तर ०.३पर्यंत चालतं. अर्थिंगची बाजूही तपासली, अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा उणे, तिथे ०.०८. अर्थिंग निर्दोष. मग काळं टोक बॅटरीपासून एकेक पाऊल मागे आणत यायचं. जिथे आकडा एकदम पडेल, त्या जागेच्या अलीकडे-पलीकडे चोर. बॅटरीच्या टर्मिनलवर १.७. तिथून फ्यूजबॉक्सकडे येणाऱ्या वायरच्या थिंबलवर, म्हणजे तिच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, १.६. त्याच बोल्टवर बसलेल्या मोठ्या फ्यूजच्या पत्रीवर ०.१.

थिंबल आणि पत्री यांच्यामध्ये नखाएवढं अंतर होतं. त्या अंतरात दीड व्होल्ट.

इंजिन बंद केलं, आधी बॅटरीचा उणे काढला, फ्यूजबॉक्सचं झाकण पूर्ण उघडलं. आतल्या बाजूनं झाकणाचं काळं प्लॅस्टिक त्या एका जागी तपकिरी झालेलं आणि किंचित फुगलेलं. जळक्या प्लॅस्टिकचा वास, जुना, धरून राहिलेला. मी दहाचा पाना घेतला, पण तो लागलाच नाही. नट बोटांनी फिरला.

नटाखाली तीन थर होते, दोन नाही. वर गाडीची मूळ जाड वायर, खाली फ्यूजची पत्री आणि त्यांच्यामध्ये दाबलेलं आणखी एक थिंबल, ज्याला चार बोटं लांबीचा वायरचा तुकडा लोंबत होता. टोकाला काळी टेप गुंडाळलेली. टेप चिकट होऊन अर्धी सुटली होती. मी ते खुर्चीपाशी नेऊन आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी ते उन्हात धरलं, नखानं वायरची तार खरवडली. वरून तांब्याचा रंग, आतून पांढरी.

"अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. स्वस्तातली वायर. कुणीतरी गाण्याचा मोठा डबा बसवला होता मागं."

तसंच झालं असणार. डिकीतल्या कार्पेटखाली दोन भोकं आम्ही घेतानाच पाहिली होती. आधीच्या मालकानं अ‍ॅम्प्लिफायर लावताना बॅटरीकडचा करंट या बोल्टवरून घेतला. गाडी विकताना अ‍ॅम्प्लिफायर काढून घेतला आणि वायर तिथल्या तिथे कापली. थिंबल नटाखालीच राहिलं. ते पातळ, वाकडं, बाकीच्या दोघांत कधी सपाट बसलंच नसावं. हादऱ्यांनी नट सैल होत गेला, पावसाचं पाणी आत शिरलं, थिंबलवर हिरवट-पांढरा क्षार धरला. हेडलाइट, ब्लोअर, वायपर आणि इंजिनचं स्वतःचं मिळून साधारण ३० अँपिअर त्या जागेतून जात होते. दीड व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ४५ वॅट. आप्पा म्हणाले, कयाची इस्त्री त्या डब्यात बंद करून ठेवल्यासारखं झालं. कय म्हणजे सोल्डरिंग. मी रोज त्यावरून नव्वद किलोमीटर जात-येत होते.

आणि ते टेप सुटलेलं टोक. त्याला बॅटरीचा प्लस कायम होता, मध्ये कुठलाही फ्यूज नव्हता. ते बॉनेटच्या पत्र्याला टेकलं असतं तर काय झालं असतं, हे आप्पांनी बोलून दाखवलं नाही. तुकडा त्यांनी खिशात घातला.

पुढचं काम साधं होतं. पॉलिश पेपरनं मूळ थिंबल आणि बोल्ट लकाकेपर्यंत घासला. फ्यूजची पत्री तापून निळसर झाली होती, म्हणून उद्यमनगरातून तितक्याच अँपिअरचा नवा फ्यूज आणला, १८० रुपये. दुकानदारानं विचारलं, जास्त अँपिअरचा देऊ का, परत जायला नको. आप्पांनी आधीच बजावलं होतं की जुन्यावर जो आकडा छापलाय तोच आणायचा, फ्यूज वायरला वाचवायला असतो. स्प्रिंग वॉशर घालून नट घट्ट केला, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. मूळ थिंबलचं वायरवरचं क्रिम्पिंग, म्हणजे दाबून बसवलेली पकड, बघून त्यांनी मान हलवली, ते चांगलं होतं. ते सैल असतं तर हातोडीनं ठोकून बसवू न देता नीट क्रिम्पिंग मशीनवर नेणार होतो.

बॅटरीचा उणे जोडला. इंजिन सुरू. हेडलाइट, ब्लोअर चारवर, वायपर. बॅटरीवर १४.२. अल्टरनेटरच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ०.१३.

आप्पा खुर्चीतून उठले. आईनं आतून हाक मारली, तरी उठले. त्यांनी मीटर माझ्या हातातून घेतला आणि आकडा डोळ्याजवळ नेऊन स्वतः वाचला.

बॅटरी रात्रभर बाहेरच्या चार्जरवर ठेवली. सोमवारी शाळेतून येताना मी मुद्दाम उशिरा निघाले. वाघबीळच्या अलीकडे पुढे-मागे कुणी नव्हतं, तेव्हा गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि स्पीडच्या मीटरच्या बॅकलाइटचा उजेड एकदम कमी केला. काट्याखाली काळं होतं. दोन्ही तळव्यांचा आडोसा केला, तरी काळंच होतं. मग गाडी बंद करून चावी पुन्हा ऑन केली. दिवा लख्ख लाल लागला. सेल्फ मारला, विझला.

त्या पहिल्या इलेक्ट्रिशियनकडे मी नंतर गेले, भांडायला नाही. तो वायरचा तुकडा आणि आप्पांनी वहीत काढून दिलेली आकृती दाखवली. त्यांनी दोन्ही बघितलं, आणि शेडमध्ये लिफ्टवर असलेल्या एका गाडीकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, लाल टोक कुठं लावलं म्हणालात?" मी लावून दाखवलं.

डेपोत प्रत्येक बसचं रजिस्टर असायचं. आप्पांनी तसंच एक माझ्या गाडीसाठी सुरू केलंय, शाळेच्या उरलेल्या वहीत. दर महिन्याच्या १ तारखेला मी मीटर लावते, ते लिहून घेतात: किलोमीटर, बंद बॅटरी, चालू बॅटरी, लोडवरचा फरक. ऑगस्टच्या पानावर त्यांच्या अक्षरात आहे: ९०,२१४. १२.६. १४.२. ०.१२. नट तपासला, घट्ट.